कारभारी यांस

श्रीरामपूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

कारभारी,

नमस्कार घे किंवा घेऊ नको, मी लिहून मोकळा झालो. फोन किती वेळा केला ते तुझ्या मोबाईलला माहीत. आधी रिंग तरी जायची, आता तीही जात नाही. एकदा रुपालीच्या नवऱ्याने उचलला, तर "मामा शेतात गेलेत" म्हणाला. लेकीच्या गावी जाऊन तू शेतात काय करतोस ते देव जाणे. पन्नास वर्षांत जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारण्यापलीकडे तू जमिनीशी काही केल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. साध्या पोस्टाने नेवाशाला पाठवतोय, म्हणजे तुला कुठे सही करावी लागणार नाही.

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या पहाटतारा फुटबॉल क्लबचा विभागीय लीगचा परवाना नोव्हेंबरात रद्द झाला. मैदानाचा कर थकला, खेळाडूंचं मानधन थकलं, ना-थकबाकी दाखला वेळेत दिला नाही, ही कारणं. हे सगळं तू त्या सभेत ऐकलंच आहेस. पण अपिलाची वाट उघडी आहे. चांदभाई क्लबचे अध्यक्ष झाल्यापासून ताडपत्रीच्या दुकानात कमी आणि वकिलांच्या जिन्यांवर जास्त असतात. त्यांनी नगरच्या एका वकिलाला गाठलं. तो म्हणतो, लीगची मूळ नोटीस क्लबच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती असं दाखवता आलं तर झालेला उशीर माफ होतो. परवाना परत मिळतो आणि पैसे भरायला सहा महिने मिळतात. सुनावणी २७ फेब्रुवारीला नगरला आहे.

आता नोटीस कुणाच्या हातात पडली हे मी नव्याने सांगायला नको. पाकिटावर लिहिलं होतं, ‘कारभारी, पहाटतारा फुटबॉल क्लब, श्रीरामपूर’. लीगच्या त्या क्लार्कला म्हणायचं होतं, क्लबचा कारभार बघणारा माणूस, म्हणजे सेक्रेटरी, म्हणजे मी. पोस्टमन आला मैदानावर. विचारलं, कारभारी कोण? तू म्हणालास, मीच की. आईबापाने ठेवलेलं नाव, माणूस दुसरं काय म्हणणार? पोचपावतीवर सही ठोकलीस. सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. पुढे ते पाकीट तुझ्याकडून राहून गेलं. वय झालं की राहतं. मी याहून जास्त कुणापुढे बोललेलो नाही, एवढं लक्षात घे.

सोबत जबाबाचा कागद आहे. आमच्या मोनिकाने टाइप केलाय. ‘सदर नोटीस माझ्या नावाची समजून मी स्वीकारली व अनवधानाने पदाधिकाऱ्यांकडे दिली नाही.’ एवढंच. खाली सही कर आणि पाठवून दे. तुला दंड नाही, केस नाही, काही नाही. वकिलाला मी दोनदा विचारून घेतलंय.

मैदानाची किल्ली सभेच्या दिवशी तू टेबलावर ठेवून गेलास, ती माझ्याकडे आहे. कुलूप गंजलंय, दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. रेषा पुसून गेल्यात. पोरं दोन-दोन चपला मांडून त्यांच्यामधून गोल मारतात.

बनुवहिनींना नमस्कार सांग.

तुझा
शांतवन अमोलिक
सेक्रेटरी

&nbsp;

श्रीरामपूर
सोमवार, २७ जानेवारी २०२५

कारभारी,

काल मैदानावर झेंडावंदन झालं. दरवर्षी खांबाभोवती फक्कीचं गोल रिंगण तू मारायचास. यंदा कुणी पुढे होईना, म्हणून मी तुझी सुतळी आणि खुंटी काढली आणि बसलो. रिंगण आलं अंड्यासारखं. चांदभाई म्हणाले, "सेक्रेटरी, ये क्या, गोल आहे का बटाटा?" सगळे हसले. मीही हसलो. रात्रभर हात भाजल्यासारखे चुरचुरत होते. तू आधी हाताला खोबरेल लावायचास ते मला सकाळी आठवलं.

दोन आठवडे झाले, तुझा कागद नाही. महिन्यावर सुनावणी आली. तुझ्या मनात आहे तरी काय?

तुझा राग माझ्यावर असेल तर तो कशाबद्दल, ते तरी कळव. सभेत मी तुला एक शब्द बोललो का? पोचपावतीची झेरॉक्स समितीतल्या बिभीषणने वाचून दाखवली. ‘सही, का. गं. पटारे’ असं मोठ्याने म्हणाला. सगळी सभा तुझ्याकडे वळली, आता त्याला मी काय करू? तू माझ्याकडे बघत होतास. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहीत होतो, सेक्रेटरीचं ते कामच आहे. मग तू म्हणालास, "आसंल. नाव तर माझंच हाय." किल्ली ठेवलीस आणि निघालास. कुणी अडवलं नाही, हे खरं. पण तूही थांबला नाहीस.

मी वहीत लिहिलं, ‘श्री. पटारे यांनी चूक मान्य केली.’ तुझे शब्द तसे नव्हते. पण इतिवृत्तात सारांश लिहायचा असतो.

आपण दोघांनी मिळून या क्लबसाठी काय केलं नाही सांग. बुटांना खिळे ठोकले, ब्लॅडरचे पंक्चर काढले. तू डाव्या बाजूला बॅक, मी गोलात. तू अजूनही ऑफसाईडला हाफसाईड म्हणतोस आणि अख्ख्या तालुक्यात तुझ्याइतकी बिनचूक हाफसाईड कुणाला दिसत नाही. तेव्हा हे काही मी माझ्यासाठी मागत नाही. चोवीस पोरं-पोरी आहेत. आपली गोलकीपर संस्कृती गेल्या आठवड्यात हातमोजे परत करायला घरी आली. नगरच्या क्लबात जातेय, रोजची एसटी. परवाना नसलेल्या क्लबातून निवड चाचणीला घेत नाहीत, मग ती तरी काय करणार? दारातून वळून म्हणाली, "कारभारीबाबा परत आले की सांगा मला." मी म्हटलं, सांगतो.

तुझ्या एका सहीवर हे सगळं अडलंय. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, तशी गत झालीय माझी. माझ्याच क्लबासाठी माझ्याच दोस्ताच्या पाया पडतोय.

वकिलाला सुवर्णमहोत्सवाची बिलं हवी आहेत म्हणून मोनिका माझं कपाट काढायच्या मागे लागलीय. मी सांगितलं, माझ्या कपाटाला हात लावायचा नाही, मला लागेल तेव्हा मी काढून देईन. पोरीला बापाचं ऐकायची सवय नाही.

कागद पाठव.

शांतवन

&nbsp;

श्रीरामपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

कारभारी,

सही करू नको. केली असशील तर पाठवू नको. आधी हे वाच.

काल मी चर्चच्या मीटिंगला गेलो होतो. मोनिकाने कपाट उघडलं. खालच्या खणात स्मरणिकेचे उरलेले गठ्ठे आहेत, त्यांच्याखाली तिला ते पाकीट सापडलं. फोडलेलं. आत लीगची नोटीस, आणि नोटिशीच्या कोपऱ्यात लाल पेनने माझ्या अक्षरात लिहिलेलं, ‘पाहिले. शां. अ. १९/९/२३.’

तुला माझी खोड ठाऊक आहे. लग्नाची पत्रिका आली तरी मी ‘पाहिले’ लिहून तारीख टाकतो. तू हसायचास, शांत्या मेल्यावर वरून चिठ्ठी आली तरी त्यावर ‘पाहिले’ लिहील. तसंच झालं. ज्या कागदावर लिहायला नको होतं त्यावरही हाताने लिहून टाकलं.

मी घरात आलो तर मोनिका पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, तो जबाब मी माझ्या हाताने टाइप केलाय." एवढंच म्हणाली. काल रात्रीपासून ताट माझ्यापुढे ठेवते आणि आत निघून जाते.

तुला ठाऊक असलेली गोष्ट तुलाच लिहायची आहे, आणि तेवढ्यासाठी मला तिसरं पत्र लागलं. तर लिहितो.

त्या दिवशी संध्याकाळी तू सायकलवरून घरी आलास. पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणालास, "तुझ्या कामाचं दिसतंय, नाव तेवढं माझं हाय." चहा प्यालास आणि गेलास. मी वाचलं. नव्वद दिवसांत कर आणि मानधन भरा, दाखला द्या, नाहीतर परवाना जाईल. पैसे होते, कारभारी. कराचे म्हणून बाजूला ठेवलेले एक लाख ऐंशी हजार बँकेत होते. पण डिसेंबरात क्लबची पन्नास वर्षं भरत होती. मला मांडव हवा होता, शाल-श्रीफळं हवी होती, पाहुण्यांच्या गाड्या हव्या होत्या. एकशेवीस पानांची स्मरणिका हवी होती, तिच्या तिसऱ्या पानावर माझा पानभर फोटो हवा होता. बावीस वर्षं सेक्रेटरी असलेल्या माणसाला एकदा गावाने टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं. वाटलं, जाहिराती येतील, त्यातून कर भरू, कुणाला कळणारही नाही. जाहिराती आल्या मोजून नऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती मूठ नंतर उघडलीच नाही. नव्वद दिवस गेले, मग वर्ष गेलं.

त्या स्मरणिकेत ‘कारभारी मंडळ’ म्हणून एक पान आहे, आठवतं? तू ते उघडून सगळ्यांना दाखवत फिरलास. "हे बघा, माझं तर आख्खं मंडळच छापलंय." लोक पोट धरून हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. त्या पानावर अकरा नावं आहेत आणि त्यांत तुझं नाही. ती यादी मीच प्रेसला दिली होती. तुझं नाव राहिलं असं मी म्हणणार नाही. रेषा मारणाऱ्याचं नाव त्या पानावर कशाला, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. तू हसत होतास तेव्हा तुला हे कळलं होतं का? हा प्रश्न मला कालपासून खातोय.

आणि सभा. बिभीषणने सही वाचली, तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, आता शांत्या उठेल. मी पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर बसून इतिवृत्त लिहीत होता. तू एका वाक्यात मला तोंडावर पाडू शकला असतास. तू पाडलं नाहीस, म्हणून मला तुझा राग आला. माझा स्वभाव असा आहे, काय करू. उपकार झाला की मला राग येतो.

सुनावणीत काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही. खरं सांगितलं तर अपील तिथेच संपतं. पण तू सही करू नको. तो कागद फाडून टाक.

शांत्या

&nbsp;

श्रीरामपूर
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

कारभारी,

आज दुपारी बनुवहिनी आल्या. नेवाशाहून एसटीने, डोक्यावर पदर, हातात ती निळी पिशवी. मोनिकाने पाणी दिलं, ते घेतलं. चहा नको म्हणाल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"भावजी, ह्यो घ्या तुमचा कागद. पोष्टात टाकू नको म्हनले, हातात दे."

जबाबाचा कागद. खाली तुझी सही. ‘का. गं. पटारे’, त्या पोचपावतीवर होती तशीच, ट ला शेपूट काढलेली.

मी विचारलं, वाचला का त्याने? वहिनी म्हणाल्या, "न्हाई. मी म्हनलं, आवो वाचा तरी, काय लिवलंय. तर म्हनले, सही मागितलीय, वाचायला कुटं सांगितलंय. मागल्या टायमालाबी न वाचताच केल्ती की."

"आणि माझं तिसरं पत्र?"

"ते टरंकेवर पडलंय. फोडलं न्हाई. म्हनले, आता सही दिली, आनखी काय मागतोय त्यो."

म्हणजे मी तुला सही करू नको म्हणून लिहिलं आणि ते पत्र तुझ्या ट्रंकेवर बंद आहे. मी मागितलं ते तुला पोचलं, नको म्हटलं ते पोचलं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

वहिनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? राग न्हाई ना यायचा? ते पाकीट त्यांनी तुमाला दिल्तं का न्हाई?"

मोनिका दारात उभी होती. मी म्हणालो, "दिलं होतं. त्याच दिवशी."

"मंग ठीक हाय," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, हेच खोटं बोलत्यात. तीन म्हैनं लई बोलले वो मी त्यांना. म्हातारपनी गावात नाव घालवलं म्हनलं. भाकरी टाकताना बोलले. लेकीच्या घरात, जावयाफुडं बोलले. येकदाबी उलटून बोलले न्हाईत."

डोळ्यांना पदर लावला नाही त्यांनी, मला शिवीही दिली नाही. चप्पल घातली आणि चारची नेवासा गाडी मिळेल का म्हणून विचारलं. मोनिका त्यांना स्टँडवर सोडायला गेली. मी उठलो नाही. उठायची लाज वाटली.

गावाला वाटलं असेल की कारभारीने पाकीट गहाळ केलं, एवढंच मी धरून चाललो होतो. तुझ्या घरात, तुझ्या ताटापुढे काय चाललं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तू वहिनींना सांगितलं होतंस. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही, कारण मी सेक्रेटरी.

आणि हे सगळं झाल्यावरही मी तुला काय लिहितोय ते बघ. कागद आलाय हे चांदभाईंना कळलं. मोनिकाने नाही सांगितलं, स्टँडवर वहिनींना भेटले म्हणे. संध्याकाळी पेढे घेऊन आले. "अब जीत गए समझो, सेक्रेटरी." मागून दहा-बारा पोरं. एकाने माझ्या पाया पडून घेतलं. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. हा कागद वापरणार नाही, असं लिहायला मी आता बसलोय आणि हाताला ते वाक्य येत नाही. पोरांची तोंडं डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुझंही तोंड हलत नाही. सुनावणीला सात दिवस आहेत.

ते तिसरं पत्र फोड, कारभारी. त्यात मी काही मागितलेलं नाही.

शांत्या

&nbsp;

श्रीरामपूर
मंगळवार, १८ मार्च २०२५

कारभारी,

सुनावणी झाली, निकालही आला. क्रमाने सांगतो.

नगरला आम्ही दोघंच गेलो, मी आणि चांदभाई. खोलीत तीन माणसं बसली होती, मधल्याच्या पुढे आपली फाइल. तुझा कागद माझ्या डाव्या खिशात, नोटिशीचं पाकीट उजव्या. एसटीत बसल्यापासून मी दोन्ही खिसे चाचपत होतो. कुठला काढायचा हे दारातून आत जाईपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. मी आधीच ठरवून गेलो होतो असं लोकांना वाटतं, ते खोटं आहे.

मधल्या साहेबांनी फाइलमधून तुझ्या सहीची पोचपावती काढली. चष्म्यावरून बघत विचारलं, "पहाटतारा क्लबचे कारभारी कोण?"

सरळ प्रश्न होता. चांदभाईंनी मला कोपर मारलं, जबाब द्या म्हणून.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी."

आणि उजव्या खिशातलं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी नोटीस उलगडली, कोपऱ्यातलं ‘पाहिले’ वाचलं. "हे अक्षर तुमचं?" होय म्हणालो. "मग आपलं अपील कशावर आहे?" सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली.

जिन्यात चांदभाई थांबले. ओरडले नाहीत. म्हणाले, "सच बोलायचं होतं तर परवाना जायच्या आधी चौदा महिने पडले होते, सेक्रेटरी. आज बोलून तुम्ही स्वतःला वाचवलं. क्लबला नाही." परतीच्या गाडीत ते पुढे ड्रायव्हरमागे बसले, मी शेवटच्या बाकावर. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. खरं बोललो की छातीवरचा दगड उतरतो म्हणतात. माझा उतरला नाही. तुझं नाव स्वच्छ करायला मी चोवीस पोरांचा क्लब दिला. तो वाचवायची वेळ होती तेव्हा मी शालींचा रंग निवडत होतो.

गावात आता मी पैसे उडवले याचा राग कमी आहे. एक खोटं बोलून क्लब वाचत होता तर म्हाताऱ्याला आजच कंठ फुटायचा होता का, याचा जास्त आहे. मैदानाच्या गेटवर कुणीतरी तुझ्या सामानाच्या खोलीतल्या फक्कीने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘घरभद्या’. मात्रा विसरलेत. मी ती दिली नाही.

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली तेव्हा रांगेत माझ्या पुढेमागे दोन-दोन माणसांची जागा मोकळी होती. मोनिका मात्र माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ताट ठेवून अजून आत जाते, पण परवा जाताना पाणी घ्या म्हणाली.

सभेने मला काढलं. नवा सेक्रेटरी बिभीषण. वही देण्याआधी मी शेवटचं इतिवृत्त लिहिलं आणि सभेत मोठ्याने वाचलं. ‘दि. २४/११/२०२४ च्या इतिवृत्तातील "श्री. पटारे यांनी चूक मान्य केली" हे वाक्य खोटे आहे. श्री. कारभारी गंगाधर पटारे यांनी नोटीस त्याच दिवशी सेक्रेटरीकडे आणून दिली होती.’ लोक खुर्च्या सरकवून गेले. झेरॉक्स सोबत आहे. ती बनुवहिनींना वाचून दाखव. जावयालाही दाखव.

काल निकालाची प्रत आली. परवाना पाच वर्षांसाठी रद्द. मैदानाचा करार मार्चअखेर संपतो, पुढचा आपल्याला मिळणार नाही. तुझी सुतळी, खुंट्या आणि फक्कीचं घमेलं मी घरी आणून ठेवलंय. कधी न्यायचं असेल तर ने.

निकालाच्या पाकिटावर पुन्हा तेच, ‘कारभारी यांस’. लीगचा क्लार्क काही सुधारला नाही. पोस्टमन माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "आमोलिक सर, कारभारी तर नेवाशाला गेले ना? तिकडं पाठवू का?" मी म्हटलं, थांब, आण इकडे. आणि पोचपावतीवर माझ्या नावाने सही केली. अठरा महिन्यांपूर्वी मी मैदानावर असतो तर ती तशीच झाली असती.

तुझा सही केलेला जबाब सोबत परत पाठवतोय. माझ्याच्याने फाडवला नाही. न वाचता केलेली सही आहे, ती तूच चुलीत घाल.

आधीची चार पत्रं साध्या पोस्टाने पाठवली, तुला सही करावी लागू नये म्हणून. हे रजिस्टरने पाठवतोय. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, श्रीयुतपासून आडनावापर्यंत, हुद्दा कुठेही नाही. पोस्टमन कारभारी कोण म्हणून विचारेल. मीच, असं तुला म्हणावंसं वाटलं तर म्हण. नाही वाटलं तर नकार दे, चालेल. पत्र उलट टपाली माझ्याकडे येईल आणि त्यावर सही करून ते मी परत घेईन.

शांत्या